प्रिंट गेलीय, पण कुठं?

इंजिनिअरिंग संपल्यावर नोकरी लागेपर्यंतचे सात महिने मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून काढले. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कॉलेजात होऊ शकतं.

आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत आता प्रश्नपत्रिकांचे सीलबंद गठ्ठे येत नाहीत. परीक्षेच्या थोडं आधी पेपर ऑनलाइन येतो. पासवर्ड टाकून तो उघडायचा आणि हव्या तेवढ्या प्रती कॉलेजातच छापायच्या. पद्धत वाईट नाही, वाटेत गठ्ठा फुटण्याची भीती उरत नाही. पण सगळी भिस्त शेवटी एका प्रिंटरवर आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसावर येते.

त्या सकाळी समोर बसलेल्या क्लार्कने साठ प्रतींचा आकडा टाकला आणि प्रिंट दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. तरी काही नाही. घड्याळाकडे बघून तिसऱ्यांदा दाबलं. मग कुणीतरी म्हणालं, "बंद करून चालू करा की." प्रिंटर बंद करून चालू केला आणि कागद यायला लागले. साठ प्रती झाल्या, मोजल्या, पाकिटात घातल्या. आणि एकसष्टावी प्रत बाहेर आली. मग बासष्टावी. मला तेव्हा बोलावण्यात आलं, कारण मी 'कॉम्प्युटरवाला'. मी आत गेलो तर परीक्षेचे सर प्रिंटरच्या तोंडाला हात लावून उभे होते, जणू वाहतं पाणी अडवतायत. "हे थांबव रे!" मी खिडकीतलं कॅन्सल दाबलं. खिडकी म्हणाली, 'डिलीटिंग'. कागद येतच राहिले. शेवटी एकाने वायर उपटली, कागद आत अडकला, तो फाडून काढला, वायर परत लावली, आणि मशीनने इमानदारीत उरलेलं काम पुढे सुरू केलं.

पेपर फुटला नाही. एकशेवीस जादा प्रती मोजून, फाडून, पोत्यात भरून सील झाल्या. कुणालाही काही शिक्षा झाली नाही आणि कुणीही काही शिकलं नाही. मला मात्र एक गोष्ट आजही टोचते. ऑपरेटिंग सिस्टिम्स या विषयात 'स्पूलिंग म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर मी आकृतीसकट लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क मिळवले होते. ज्या खोलीत ते स्पूलिंग माझ्यासमोर घडत होतं, तिथे मी क्लार्कइतकाच अडाणी निघालो.

हा लेख त्या अडाणीपणाबद्दल आहे. माझं म्हणणं साधं आहे: छापायला टाकलेल्या कामाची रांग ज्याला दिसत नाही, त्याच्या हातात छपाई नाही. आणि ही रांग दाखवणारी, थांबवणारी, पुसणारी साधनं कित्येक वर्षांपासून फुकट उपलब्ध असताना आपण ती कॉलेजात, कचेरीत, दुकानात कुणालाच शिकवत नाही. हे आळसामुळे होतं आणि त्याची किंमत कागदात, वेळेत आणि लोकांच्या खासगी माहितीत मोजली जाते.

मुळात आपण 'प्रिंट' दाबतो तेव्हा प्रिंट होत नाही. एक अर्ज दाखल होतो. कॉम्प्युटर क्षणात काम उरकतो, प्रिंटरला कागद ओढायला वेळ लागतो. म्हणून मधे एक राखणदार प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो तुमची फाईल डिस्कवर उतरवून घेतो, तिला नंबर देतो, रांगेत लावतो आणि प्रिंटर मोकळा झाला की एकेक पुढे सरकवतो. यालाच स्पूल म्हणतात. स्पूल म्हणजे रीळ. सोलापुरात हा शब्द समजावून सांगायची गरजच पडू नये. मागावर सूत थेट पोत्यातून जात नाही, आधी कांडी भरावी लागते. कांडी भरणारा एका वेगाने काम करतो, माग दुसऱ्या वेगाने, आणि दोघांना एकमेकांसाठी खोळंबावं लागत नाही ते मधल्या भरलेल्या कांड्यांमुळे. फरक एवढाच की कारखान्यात कांड्या किती भरून ठेवल्यात ते पोराटोरालाही दिसतं. प्रिंटरच्या कांड्या आपण झाकून ठेवल्यात.

त्या क्लार्कने तीन वेळा दाबलं म्हणजे साठ प्रतींचे तीन अर्ज केले. प्रिंटर झोपला होता, राखणदार जागा होता. प्रिंटर उठल्यावर राखणदाराने तिन्ही अर्ज निकाली काढले. मशीनची चूक काहीच नव्हती. 'पहिला अर्ज रांगेत आहे, प्रिंटर थांबलाय' एवढी एक ओळ समोरच्या माणसाला दिसली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

ती ओळ दाखवणारी आज्ञा आहे. लिनक्सवर आणि मॅकवर तिचं नाव एलपीस्टॅट. कमांड मी इथे नागरीतच लिहितोय, कारण फोनवरून मामांना सांगताना मी त्या अशाच उच्चारतो. जुळे सोलापुरात मामांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे आणि तिथला एक कॉम्प्युटर मी लिनक्सवर चालवून दिलाय. एलपीस्टॅट डॅश ओ म्हटलं की रांगेतली सगळी कामं नंबरासकट येतात: कुठल्या प्रिंटरवर, कुणी टाकलं, केवढं आहे, किती वाजता. एलपी ही छापायला टाकायची आज्ञा. डॅश एन पुढे प्रतींचा आकडा, डॅश पी पुढे हवी ती पानं. टाकल्याबरोबर ती कामाचा नंबर परत सांगते. हा नंबर म्हणजे पावती. खिडकीतलं बटण कधी पावती देतं का? नंबर हातात असला की कॅन्सल आणि नंबर म्हणायचं, तेवढंच काम जातं, मागचं-पुढचं शाबूत राहतं. एखादं काम नुसतं रोखून धरता येतं, मागाहून सोडता येतं. घाईच्या कामाला एक ते शंभरमधली पसंती देऊन पुढे काढता येतं, काही सांगितलं नाही तर सगळे पन्नासवर, म्हणजे आधी येणार त्याचा आधी नंबर. एक प्रिंटर बिघडला तर एलपीमूव्ह म्हणून त्याची रांग उचलून दुसऱ्यापुढे नेता येते.

मला सगळ्यात आवडतो तो एक बारीक फरक. कप्सरिजेक्ट म्हटलं की प्रिंटर नवं काम घेणं बंद करतो, पण घेतलेलं पुरं करतो. कप्सडिसेबल म्हटलं की काम घेत राहतो, पण छापणं थांबवतो. दुकानदाराला हा फरक पाठ असतो. पहिलं म्हणजे अर्धं शटर ओढणं, दुसरं म्हणजे मशीन बंद पण काउंटर चालू. त्या परीक्षेच्या खोलीत पहिली ऑर्डर गेल्याबरोबर अर्धं शटर ओढलं असतं तर क्लार्कने शंभरदा बटण दाबूनही एकसष्टावी प्रत आली नसती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मामांचाच होता. "बटण हाय की बे. हे काळं खोकं कशाला?" बटणाशी माझं भांडण नाही. एक आधारकार्ड, एक प्रत, समोर गिऱ्हाईक उभं, तर बटणच दाबावं. भांडण आहे ते बटणाला छपाईचं संपूर्ण ज्ञान समजण्याशी. खिडकी तुम्हाला तेवढंच दाखवते जेवढं ती बनवणाऱ्याला पुरेसं वाटलं. आणि खिडकीतली कृती दुसऱ्याला देता येत नाही. "वर डावीकडे एक छोटं चित्र असेल, त्यावर उजवं क्लिक कर, नाही, ते नाही, त्याच्या खालचं" हे संभाषण ज्याने आईवडिलांशी फोनवर केलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. आज्ञा शब्दांची असते. ती चिठ्ठीवर लिहिता येते, भिंतीवर चिकटवता येते, फोनवर सांगता येते, उद्या परत जशीच्या तशी वापरता येते. ज्ञान हस्तांतरित करायचं तर ते भाषेत असावं लागतं. हे साहित्याच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप: आमच्याकडे विंडोज आहे. असू दे. तिथेही तोच राखणदार आहे, नावसुद्धा स्पूलर. प्रिंट अडकली की झेरॉक्सच्या दुकानातली पोरं काय करतात ते बघा. काळी खिडकी उघडून नेट स्टॉप स्पूलर, मग फोल्डरमधल्या फायली उडवायच्या, मग नेट स्टार्ट स्पूलर. कित्येकांच्या डेस्कटॉपवर यासाठी एक छोटी फाईल तयार ठेवलेली असते. म्हणजे कमांड लाइन इंजिनिअरांसाठी आहे, सामान्य माणसाला ती झेपत नाही, हे म्हणणं दुकानातल्या पोरांनी कधीच खोटं ठरवलंय. दुःख एवढंच की त्यांच्या हाती फक्त कुऱ्हाड पडली. एका अडकलेल्या कामासाठी ते सगळ्यांची रांग तोडतात. गेट-प्रिंटजॉब म्हणून यादी बघता येते आणि रिमूव्ह-प्रिंटजॉब म्हणून नेमकं एकच काम काढता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. विंडोजवर ही सोय गेली दहाहून जास्त वर्षं आहे.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा, आमच्याच जमातीवर. कमांड लाइनवाल्या लोकांना अवघडपणाचा एक माज असतो. 'मॅन्युअल वाच' म्हणून समोरच्याला हाकलण्यात त्यांना आनंद होतो. आणि हत्यारातल्या खोडी ते झाकतात. एक उदाहरण देतो. एखादं काम ठरावीक वेळेपर्यंत रोखून ठेवायची सोय एलपीत आहे, डॅश एच पुढे वेळ द्यायची. मी मामांच्या दुकानात सकाळी साडेदहाची वेळ घातली आणि प्रिंट दुपारी चारला आली. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ही वेळ ग्रीनिचची धरली जाते, तुमच्या गावची नाही. सोलापूरचे साडेदहा हवे असतील तर पाच लिहा. ज्याने हे ठरवलं त्याच्यासाठी साडेपाच तासांचा फरक ही दुसऱ्या कुणाची तरी अडचण होती.

त्याहून मोठी खोडी आपल्या लिपीची. साध्या मजकुराची मराठी फाईल सरळ एलपीला द्या. बऱ्याच ठिकाणी 'शिक्षण' या शब्दातली पहिली वेलांटी श च्या पुढे उमटते आणि क्ष चा पाय मोडून क, हलंत, ष असे तीन तुकडे होतात. कारण युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि कागदावर ती आधी काढायची असते. ही उलटापालट करणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि मजकूर छापणाऱ्या साध्या फिल्टरला ते काम येत नाही. पॅप्स नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून फाईल आधी नेली किंवा तिची पीडीएफ करून घेतली की अक्षरं सरळ येतात. उपाय आहे. पण मराठी माणसांकडून याची तक्रार जोरात का गेली नाही? कारण आपण ही वाट वापरलीच नाही. श्री-लिपी आणि तसल्या जुन्या फाँटांत टाइप करायचं, दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा, मग त्याचं चित्र करून पाठवायचं. लग्नपत्रिका असो की संस्थेचा अहवाल, आपण मराठी मजकूर चित्र म्हणून छापायची सवय लावून घेतली. जे वापरत नाही ते सुधारत नाही.

आता जास्त गंभीर गोष्ट. रांग दिसत नाही म्हणजे फक्त कागद वाया जातो असं नाही. त्या राखणदाराने तुमची फाईल उतरवून घेतलीय, हे विसरू नका. लिनक्स आणि मॅकवर छपाई सांभाळणाऱ्या कप्स या प्रणालीत, वेगळं काही सांगितलं नसेल तर, छापून झालेल्या कामाची फाईल ८६,४०० सेकंद जपून ठेवली जाते. म्हणजे बरोब्बर एक दिवस. सोय म्हणून, परत छापायची वेळ आली तर असावी म्हणून. विंडोजवरही छापलेली कागदपत्रं ठेवून देण्याची खूण असते. तुम्ही प्रिंट घेऊन, पाच रुपये देऊन घरी गेलात, तुमचं कागदपत्र दुकानातच मुक्कामाला राहिलं.

२७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका आणि ई-आधार सायबर कॅफेत डाउनलोड करू नका, केलंच तर त्या कॉम्प्युटरवरून सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं त्यात म्हटलं होतं. गदारोळ झाला आणि २९ मे रोजी केंद्र सरकारने सूचना मागे घेतली, चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून. मागे घेतली ते सोडा, पण 'सगळ्या प्रती पुसा' हे वाक्य ज्या नागरिकाला उद्देशून लिहिलं, त्याला डाउनलोडच्या फोल्डरपलीकडे प्रत कुठे असते हे ठाऊक आहे का? त्याला रांगच माहीत नाही. कॅन्सल डॅश ए डॅश एक्स या आज्ञेतला तो शेवटचा एक्स म्हणजे 'काम रद्द कर आणि त्याच्या फायलीही पूस'. मामांच्या दुकानात आता फायली ठेवायचीच सोय बंद केलीय आणि शटर ओढण्याआधी डाउनलोडचं फोल्डर रिकामं होतं. वीस मिनिटांचं काम होतं. ते काम आधी कुणी केलं नव्हतं, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. जिथे प्रश्नपत्रिका छापल्या जातात त्या कॉम्प्युटरवर हे कुणी केलंय का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

छपाईची रांग हा क्षुल्लक विषय वाटत असेल तर एक जुनी गोष्ट आठवा. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडकायचा आणि तो दुसऱ्या मजल्यावर होता. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरसाठी अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांना पडद्यावर निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराचं कारण सांगून नकार दिला. स्टॉलमन पुढे १९८३ साली ग्नू प्रकल्पाकडे वळले त्यामागे हा नकार होता, असं ते स्वतः सांगत आलेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी 'रांगेत काय चाललंय ते मला दिसू दे' ही मागणी आहे. ज्या कंपनीचं नाव आपण मराठीत फोटोकॉपीसाठी क्रियापदासारखं वापरतो, तिच्याच मशीनपुढे ही मागणी उभी राहिली. त्यानंतर १९९९ साली कप्स आलं, ॲपलने ते आपल्या मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये त्याचा कोडही विकत घेतला. म्हणजे जो माणूस 'आम्ही मॅकवाले, आम्हाला कमांड लागत नाहीत' म्हणतो, त्याच्या चकचकीत खिडकीमागे हेच एलपी आणि एलपीस्टॅट बसलेले आहेत.

काळ्या खोक्याने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या पोटात गेलेली पानं कॅन्सलने परत येत नाहीत. त्या सकाळी कॅन्सल दाबूनही कागद येत होते त्याचं एक कारण कदाचित हेही असेल. राखणदाराच्या कोडमध्येही भोकं असतात. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमधली प्रिंटनाइटमेअर नावाची त्रुटी गाजली, २०२४ मध्ये कप्सच्या कुटुंबातल्याही निघाल्या. पण मी ज्ञानाबद्दल बोलतोय. भोकं बुजवायचा निरोप आला की स्पूलर म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस लागतो, आणि आपण तसा माणूस तयार केलेला नाही.

हे आमच्या शिक्षणाने करायचं होतं. चार वर्षांत आम्ही किती कागद छापला याला गणती नाही. प्रत्येक सेमिस्टरला जर्नल, प्रत्येक जर्नलला इंडेक्स आणि सर्टिफिकेट, शेवटी प्रोजेक्टचं ब्लॅक बुक चार प्रतींत. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर आम्ही तास तास रांगेत उभे असायचो, दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या फायलींची दुसरी रांग असायची, आणि काखेतल्या वहीत 'शेड्यूलिंग अल्गोरिदम' नावाचा धडा असायचा. पहिला आला त्याचा पहिला नंबर, छोटं काम आधी, प्राधान्यक्रम, सगळं त्यात होतं. या तीन गोष्टी एकच आहेत असं एकाही तासाला कुणी म्हटलं नाही. एका प्रॅक्टिकलमध्ये हे सगळं बसतं: वर्गाला एक प्रिंटर द्या, तीस जणांना एकाच वेळी प्रिंट टाकू द्या आणि म्हणा, आता रांग वाचा, तुमचं काम शोधा, रोखा, काढा, त्याचा माग पुसा. मार्क द्या दहा. स्पूलिंगची व्याख्या पाठ करायला दोन देता, त्यापेक्षा हे दहा सत्कारणी लागतील.

आणि जिथे लोकांची कागदपत्रं किंवा प्रश्नपत्रिका छापल्या जातात, तिथे तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. छापण्याआधी रांग रिकामी आहे हे बघणं. किती प्रती निघाल्या याची मशीनची नोंद ठेवणं, माणसाने मोजलेल्या आकड्याशी ती ताडून बघणं. काम झाल्यावर फायली पुसणं. यासाठी नवं टेंडर नको, नवं मशीन नको, एजन्सी नको. पाच ओळींची चिठ्ठी हवी आणि ती वाचू शकणारा एक माणूस.

मामांच्या दुकानात ती चिठ्ठी प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवलीय, नागरीत, मार्करने. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. कुणीतरी दोनशे पानांचं पुस्तक एका प्रतीऐवजी दहा प्रतींना टाकून निघून गेलं होतं. "काय केलंत मग?" मी घाबरून विचारलं. "काय करतोय? नंबर बघितला, काढून टाकली," मामा म्हणाले. "तू भाच्या काय सांगणार होतास, प्रिंटर बंद करून चालू करा?"